मामांना चक्कर कधीच आली नाही

"तुझी पीएच.डी. नक्की कशावर आहे गं?" या प्रश्नाला मी "चक्कर येण्याच्या इतिहासावर" असं उत्तर दिलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग दोन मिनिटांनी हळूच म्हणतो, "मलाही येते हां अधूनमधून." मी विचारते, येते म्हणजे नक्की काय होतं? इथे गाडी अडते. कुणाला खोली फिरताना दिसते, कुणाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, कुणाचा तोल जातो, कुणाला नुसतं हलकं हलकं वाटतं. शब्द मात्र सगळ्यांचा एकच, चक्कर.

आपल्या भाषेत खरं तर शब्दांची कमी नाही. भोवळ, घेरी, गरगरणं, अंधारी, झोक जाणं. पण दवाखान्यात गेलं की हे सगळे शब्द बाहेर चपलांपाशी राहतात आणि आत फक्त 'चक्कर' जाते. डॉक्टरही एवढंच लिहून घेतात. आजच्या लेखात मला तुम्हाला हे सांगायचंय की या एका शब्दाखाली लपलेले वेगवेगळे आजार ओळखायला वैद्यकाला जवळजवळ शंभर वर्षं लागली. ती कशी लागली, आणि त्याचा आपल्या घाटकोपर-मुलुंडशी काय संबंध, तेही सांगते.

सुरुवात घरापासून करते. माझी आई मुलुंड पूर्वेला राहते. चार वर्षांपूर्वी ती सकाळी कूस बदलून उठायला गेली आणि छताचा पंखा, कपाट, खिडकी सगळं गरागरा फिरायला लागलं. अर्ध्या मिनिटात थांबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. जवळच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला, मणक्यांत झीज दिसली, 'स्पॉन्डिलायटिस' असं निदान झालं आणि आईच्या गळ्यात पट्टा आला. तो पट्टा तिने दीड वर्ष घातला. आता पन्नाशीनंतर मानेचा एक्स-रे काढला तर झीज बहुतेकांना दिसतेच. ती दिसली म्हणजे चक्कर तिच्यामुळेच, हे काही सिद्ध होत नाही. पण ते मला तेव्हा कुठे माहीत होतं?

आईचं पुढे काय झालं ते नंतर सांगते. आधी थोडं मागे जाऊया.

कान आणि तोल, दोन वेगळी प्रकरणं

सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत. त्यात कर्णनाद आहे, म्हणजे कानात आवाज येणं. बाधिर्य आहे, म्हणजे बहिरेपण. आता माधवनिदान उघडा. तिथे 'भ्रम' भेटतो, शरीर चाकासारखं फिरतंय असं वाटून माणूस पडतो, असं त्याचं वर्णन. आपला 'चक्कर' हा शब्दही त्याच चक्राचा. पण हा भ्रम कानाच्या रोगांत नाही. तो मूर्च्छा, निद्रा, तंद्रा आणि संन्यास यांच्या पंगतीत बसलाय. म्हणजे लक्षणांचं वर्णन अचूक, पण कान एका प्रकरणात आणि तोल दुसऱ्या.

यात हसण्यासारखं काही नाही, कारण युरोपातही अगदी हेच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथले डॉक्टर गरगरणाऱ्या रुग्णाला 'मेंदूत रक्त साठलंय' असं सांगायचे, जळवा लावायचे, रक्त काढायचे. रुग्ण आधीच अशक्त, त्यात रक्त काढलं की तो आणखी आडवा.

पियेर फ्लुरांस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात कबुतरांवर प्रयोग केले होते. आपल्या कानाच्या आत, हाडात कोरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. कबुतराची एकेक नलिका कापली तर त्याला ऐकू येत राही, पण ते त्या त्या दिशेने गोल फिरू लागे. प्रयोग लोकांनी वाचला आणि ठेवून दिला. कबुतरांचं काय ते कबुतरांपाशी.

पॅरिस, ८ जानेवारी १८६१

प्रॉस्पेर मेनिएर हे १८३८ पासून पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेचे प्रमुख डॉक्टर होते. रोज बहिऱ्या माणसांत वावरणाऱ्या या माणसाच्या लक्षात एक गोष्ट आली. काही जणांना आधी कानात आवाज येतो, ऐकू कमी येतं, मग गरगरून उलट्या होतात. झटका जातो, पुन्हा येतो. दर वेळी कान थोडा अधिक बिघडतो. मेंदूचा आजार असता तर हातपाय लुळे पडले असते, बोलणं अडखळलं असतं. तसं काहीच नाही.

८ जानेवारी १८६१ या दिवशी त्यांनी फ्रेंच वैद्यक अकादमीपुढे सांगितलं की ही चक्कर मेंदूतून नाही, कानातून येते. फ्लुरांसची कबुतरं त्यांनी साक्षीला काढली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८६२ मध्ये ते वारले, त्यामुळे आपलं नाव एका आजाराला मिळालेलं त्यांना बघायला मिळालं नाही.

यात एक गंमत आहे, आणि माझ्या संशोधनाचं एक अख्खं प्रकरण तिच्यावर आहे. मेनिएर यांनी पुराव्यादाखल एका तरुण मुलीची गोष्ट सांगितली. हिवाळ्यातल्या रात्री ती घोडागाडीच्या बाहेरच्या बाकावर बसून प्रवास करत होती. तिला अचानक बहिरेपण आलं, सतत चक्कर येऊ लागली आणि पाचव्या दिवशी ती गेली. शवविच्छेदनात मेंदू ठीक होता, पण अर्धवर्तुळाकार नलिकांत लालसर द्रव होता. चक्करेचा उगम कानात असू शकतो, हे दाखवायला उदाहरण उत्तम. पण आज आपण ज्याला मेनिएरचा आजार म्हणतो त्याने माणूस पाच दिवसांत मरत नाही! तिचा आजार वेगळाच होता. पुढची कित्येक दशकं डॉक्टर मंडळी ही केस 'मेनिएरची' म्हणून सांगत राहिली. म्हणजे वेगळेपण दाखवणाऱ्या पहिल्याच भाषणात दोन आजार पुन्हा एकमेकांत मिसळले गेले.

कोमट पाणी आणि युद्धकैदी

व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पिचकारीने धुवायचे. पाणी थंड असलं की रुग्णाला चक्कर यायची आणि डोळे एका बाजूला झटके द्यायचे. एकाने तक्रार केली, पाणी पुरेसं कोमट नाही म्हणून. बारानींनी पाणी जास्त गरम केलं तर पुन्हा चक्कर, पण डोळ्यांचे झटके उलट दिशेला. त्यांनी अर्थ लावला असा की कानातल्या द्रवाला ऊब किंवा गारवा लागला की तो हलतो, आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय.

यातून पहिल्यांदा असं झालं की डावा कान आणि उजवा कान वेगवेगळा तपासता आला. गरम-गार पाण्याने डोळे हललेच नाहीत तर त्या बाजूचं तोलाचं यंत्र बंद. ही चाचणी आजही होते. बारानींना १९१४ चं नोबेल मिळालं तेव्हा ते रशियनांच्या ताब्यात युद्धकैदी होते. स्वीडनच्या राजपुत्राने रदबदली केली, १९१६ मध्ये सुटका झाली, मग त्यांनी बक्षीस घेतलं.

पुढचा टप्पा लंडन. १९३८ मध्ये हॉलपाइक आणि केर्न्स यांनी मेनिएरच्या दोन रुग्णांची कानाची हाडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आतली द्रवाची पिशवी फुगलेली होती. त्याच वर्षी जपानमध्ये यामाकावा यांनाही तेच दिसलं. मेनिएरनंतर ७७ वर्षांनी या आजाराला शरीरातली खूण मिळाली.

मग १९५२. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांचा एक लेख. त्यात त्यांनी एका चक्करेचे तीन आजार शेजारी शेजारी मांडून दाखवले. हे तीन तुम्हीही लक्षात ठेवा, उपयोगी पडतील.

पहिला मेनिएरचा. झटका साधारण २० मिनिटं ते १२ तास. सोबत एका कानात दडा, आवाज, आणि कमी-जास्त होणारं बहिरेपण. ऐकण्याच्या चाचणीत सुरुवातीला खालच्या, म्हणजे घोगऱ्या स्वरांचं नुकसान दिसतं.

दुसरा तोलाच्या नसेचा. एकदम सुरू होतो, सलग काही दिवस गरगरतं, माणूस अंथरुणाला खिळतो. पण ऐकू व्यवस्थित येतं.

तिसरा आईचा. डोकं ठरावीक स्थितीत नेलं की, आणि तेवढ्यापुरतंच. एका मिनिटाच्या आत थांबतं. ऐकण्यावर काही परिणाम नाही.

बघा, कुठलंही मोठं यंत्र नाही. किती वेळ टिकतं, कशाने सुरू होतं, ऐकण्याचं काय, एवढे तीन प्रश्न. तिसऱ्या आजाराची खात्री करायला रुग्णाला बसवून, मान वळवून, झटकन मागे झोपवायचं आणि डोळे बघायचे. ही डिक्स-हॉलपाइक चाचणी.

हा तिसरा आजार होतो कसा? कानात तोलाच्या एका कप्प्यात चुनखडीचे बारीक कण असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की डोकं हलताच वाळूसारखे घरंगळतात. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे जॉन एपली म्हणाले, मग डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून कण परत जागेवर नेता येतील की! त्यांना बराच काळ कुणी गांभीर्याने घेतलं नाही. त्यांचा लेख १९९२ मध्ये छापून आला. आज जगभर हाच पहिला उपाय आहे.

दीड वर्षाने आम्ही आईला दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला झोपवलं, डोळे पाहिले, डोकं चार स्थितींत फिरवलं, मग उठवून बसवलं. पाच मिनिटं लागली असतील. घरी आल्यावर आईने गळ्याचा पट्टा माळ्यावर टाकला.

आता मामांची गोष्ट

इथपर्यंतची गोष्ट सुखान्त आहे. माझं संशोधन मात्र जिथे अडकलं ती जागा वेगळी आहे.

माझे मोठे मामा घाटकोपर पश्चिमेला, टेकडीवरच्या चाळीत राहायचे. १९७० च्या दशकात त्यांना क्षय झाला. रोज एक सुई, असे महिने काढले. ती सुई स्ट्रेप्टोमायसिनची. क्षय बरा झाला, मामा विक्रोळीला कामावर परत गेले. पण तेव्हापासून दिवे गेले की मामा भिंतीला हात लावून चालायचे. रात्री चाळीच्या पायऱ्या उतरताना झोकांड्या जायच्या. दारूचा थेंब न घेणाऱ्या माणसाला शेजारी म्हणायचे, "आज लवकरच लावलीय वाटतं." मामींनाही शंका यायची. डॉक्टर विचारायचे, चक्कर येते का? मामा खरं तेच सांगायचे, "नाही." झालं, विषय संपला.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा, अमेरिकेत शाट्झ आणि वॅक्समन यांचा. क्षयावर चालणारं पहिलं प्रतिजैविक. १९४५ पर्यंतच मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं की रुग्णांचा तोल बिघडतोय. १९४८ मध्ये ब्रिटनची प्रसिद्ध चाचणी छापून आली. त्यात हे औषध मिळालेल्या ५५ पैकी ३६ जणांनी गरगरल्याचं सांगितलं होतं. तरीही औषध दिलं गेलं आणि ते योग्यच होतं, कारण न देण्याचा अर्थ मरण होता. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये आधी पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागलं. शिवडीच्या क्षय रुग्णालयापासून गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत हीच सुई.

आता नीट वाचा, सगळी मेख इथे आहे. चक्कर येते ती दोन कानांत तफावत पडली की. डावा म्हणतो वळतोय, उजवा म्हणतो स्थिर आहे, मग मेंदू गोंधळतो. पण औषध रक्तातून दोन्ही कानांत सारखं जातं. दोन्ही बाजू हळूहळू, एकसारख्या मरतात. सुरुवातीला काहींना गरगरतं, काहींना तेही नाही. भांडायला दोन बाजूच उरल्या नाहीत तर चक्कर कसली?

उरतं ते वेगळंच. आपला तोल तीन आधारांवर असतो, कान, डोळे आणि तळपायांची जाणीव. कान गेला की माणूस डोळ्यांवर चालतो. अंधार झाला की दुसरा आधारही जातो. वर पायऱ्या उंचसखल असतील तर तिसराही. आणि चालताना समोरचं सगळं हलताना दिसतं, कारण डोकं हलताना नजर स्थिर ठेवण्याचं कामही याच यंत्राचं.

१९५२ मध्येच, डिक्स-हॉलपाइक यांच्या लेखाच्या वर्षी, एका अमेरिकन डॉक्टरने स्वतःचा अनुभव फक्त आद्याक्षरांनी प्रसिद्ध केला. क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन घेऊन त्याचा तोल गेला होता. पलंगावर पडून वाचायचं तर त्याला पलंगाच्या लोखंडी गजांमध्ये डोकं अडकवून धरावं लागे, कारण हृदयाच्या ठोक्याने हलणाऱ्या डोक्यामुळेही अक्षरं उड्या मारत. रस्त्यावर चालताना ओळखीचे चेहरे ओळखू येत नसत.

मी हे वाचलं तेव्हा मामांना जाऊन सहा वर्षं झाली होती. ते नेहमी म्हणायचे, "चालताना माणूस ओळखू येत नाही गं, उभा राहिलो की येतो." आम्ही त्यांना चष्म्याचा नंबर बदलायला लावायचो. आज त्यांचे कान तपासता येणार नाहीत आणि इतिहासाच्या विद्यार्थिनीने मरणोत्तर निदान करू नये, हे मलाही कळतं. पण तो लेख मी मामींना मराठीत वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे ते प्यायचे नाहीत हे खरंच होतं."

तोलावरून ऐकण्यावर

तोल जातो म्हणून १९४० च्या दशकाच्या शेवटी रसायनशास्त्रज्ञांनी स्ट्रेप्टोमायसिनमध्ये किंचित बदल करून डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन आणलं. तोल वाचला, पण लोक बहिरे होऊ लागले, तेही कधी कधी औषध थांबल्यावर. कारण अंतर्कर्णात दोन शेजारी राहतात, गोगलगायीच्या शंखासारखा ऐकण्याचा कॉक्लिआ आणि तोलाचं यंत्र. दोघांत केसांसारखे तंतू असलेल्या पेशी आहेत. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिन मुख्यतः तोलावर घाव घालतं. १९५७ मध्ये जपानच्या उमेझावांनी शोधलेलं कानामायसिन आणि त्याचं भावंड अमिकासिन ऐकण्यावर.

ही जुनी गोष्ट नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी आपल्या सरकारी कार्यक्रमात २००७ पासून, गुजरात आणि महाराष्ट्रातून सुरुवात होऊन, कानामायसिनच्या सुया सहा ते नऊ महिने दिल्या गेल्या. अशा क्षयाचा मोठा भार मुंबईच्या पूर्व उपनगरांनी, गोवंडी-मानखुर्दने उचलला. हे बहिरेपण आधी वरच्या, तीक्ष्ण स्वरांत येतं. बोलणं ऐकू येत राहतं म्हणून रुग्णाला कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. सुया सुरू करण्याआधी आणि नंतर दर महिन्याला ऐकण्याचा आलेख काढला, तर वरचे स्वर पडायला लागताच औषध बदलता येतं. काही जणांच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात एक बदल असतो, तो आईकडून येतो. अशांना थोड्या सुयांनीही बहिरेपण येऊ शकतं. म्हणून 'आईकडच्या कुणाला सुयांनी ऐकू येईनासं झालं का?' हा प्रश्न विचारायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कानामायसिन वगळायला सांगितलं. भारताच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत गोळ्यांवरचे उपचार पुढे आले. बरं झालं. पण ज्यांचे कान आधीच गेले ते काही परत येणार नाहीत.

इतिहासाची आणखी एक वळणदार गल्ली बघा. १९४८ मध्ये फाउलर नावाच्या डॉक्टरने हेच 'विष' मेनिएरच्या रुग्णांना दिलं, चक्कर थांबवायला. आजही हट्टी मेनिएरमध्ये याच कुळातलं जेंटामायसिन पडद्यापलीकडे टोचतात, म्हणजे बिघडलेल्या कानाचा तोल मुद्दाम बंद करतात. कोणतं औषध कुठल्या पेशींवर जातं हे मामांसारख्या माणसांवरून कळलं आणि इतरांच्या कामी आलं.

तुमच्यासाठी

तुम्ही म्हणाल, आम्ही काय करायचं? डॉक्टरांकडे जाताना 'चक्कर' हा शब्द घरी ठेवा. काय होतं ते सांगा, खोली फिरते की अंधारी येते की तोल जातो. किती वेळ, सेकंद, तास की दिवस. कशाने, कूस बदलल्याने की आपोआप. ऐकू कमी येतं का, कोणत्या कानाने. अंधारात जास्त होतं का. पूर्वी कुठल्या सुया घेतल्या. ऐकण्याची तपासणी कान-नाक-घसा विभाग असलेल्या रुग्णालयांत होते. वांद्र्याला अली यावर जंग संस्थेतही होते, ती १९८३ पासून याच कामासाठी आहे.

दोन वेळा मात्र थांबू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर एक-दोन दिवसांत कानाच्या डॉक्टरांकडे जा, कारण उपचारांना मुदत असते. आणि सतत गरगरण्यासोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हात-पाय कमजोर पडले किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर तडक मोठं रुग्णालय गाठा. तो लकवा असू शकतो. मेनिएर यांनी १८६१ मध्ये कान आणि मेंदू यांत जो फरक केला, तो अशा रात्री अजूनही जीव वाचवतो.

पुढच्या लेखात १९४८ च्या त्या ब्रिटिश चाचणीबद्दल लिहीन. तुमच्या घरात जुन्या काळी क्षयाच्या सुया घेतलेलं कुणी असेल, तर त्यांना एकदा विचारा, रात्री दिवे गेल्यावर चालायला कसं वाटतं? आमच्या घरी हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.